मोगलांचे सुभे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडी कागद वाचून देण्याच्या निमित्ताने लोक घरी येतात. कुणाच्या रुमालात वतनाचा महजर (निवाड्याचा कागद) असतो, कुणाकडे इनामाची सनद. कागद उलगडला की पहिल्या दोन ओळींतच परगणे, सरकार, सुभा असे शब्द येतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तीच उत्तरं इतक्यांदा दिली, की एकदा बसून सगळी लिहूनच काढली. पुढचे प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

सुभा म्हणजे नेमकं काय?

मोगल साम्राज्याचा प्रांत. मूळ शब्द 'सूबा', मराठीच्या तोंडी तो 'सुभा' झाला. सगळे सुभे एका मापाचे नव्हते. बंगालसारखा अवाढव्य सुभा होता, तसा खानदेशासारखा आटोपशीरही. प्रत्येक सुभ्याला ठरावीक हुद्देदार, ठरावीक दफ्तर आणि दिल्ली-आग्र्याला जाणारा ठरावीक हिशेब होता. सुभा ओळखायचा तो या हिशेबावरून. हद्दीच्या रेघेचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

हे सुभे कुणी पाडले? त्याआधी काय होतं?

अकबराने, १५८० मध्ये. पण त्याने सगळं कोऱ्या पाटीवर लिहिलं असं समजू नका. परगणा तुघलकांच्या काळापासून चालत आला होता. शेरशाह सूराने १५४० ते १५४५ या पाच वर्षांत सरकार आणि परगणा या दोन पायऱ्यांचा कारभार घट्ट बसवला, शिकदार, मुन्सिफ, कारकून नेमून दिले. अकबराने या तयार पायऱ्यांच्या डोक्यावर सुभ्याची पायरी चढवली.

त्याच वर्षी सुभे का पाडले, हा प्रश्न खरं तर जास्त महत्त्वाचा. तोडरमलाची दहसाला पद्धत १५८० चीच. मागच्या दहा वर्षांच्या पिकाची आणि बाजारभावाची सरासरी काढून धारा (शेतसारा) ठरवायचा, तर गावोगावची माहिती एका साच्यात यायला हवी. ती गोळा करणारा, तपासणारा आणि वर पाठवणारा टप्पा हवा. त्याआधी १५७४-७५ मध्ये 'करोडी' नेमून पाहिले होते, एक कोट टंक्यांच्या वसुलीचा मुलूख एका माणसाच्या हवाली. तो प्रयोग काही धड चालला नाही, रयत मात्र भरडली गेली. सुभे आले ते या अनुभवानंतर. महसुलाची गरज आधी आणि राज्यकारभाराची रचना तिच्या पाठोपाठ, असा माझा तरी समज आहे.

सुरुवातीचे १२ सुभे कोणते?

काबूल, लाहोर, मुलतान, दिल्ली, आग्रा, अवध, अलाहाबाद, बिहार, बंगाल, अजमेर, अहमदाबाद म्हणजे गुजरात, आणि माळवा. काश्मीर आणि ओरिसा पुढे जिंकले, ते अनुक्रमे काबूल आणि बंगालच्या पोटात गेले. दक्षिणेत पाऊल पडल्यावर वऱ्हाड, खानदेश आणि अहमदनगर हे तीन वाढले आणि अकबराच्या अखेरीस संख्या १५ झाली.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी' (पुढे नुसतं 'आईन') या ग्रंथात १२ सुभ्यांचा एकूण हिशेब दिला आहे: १०५ सरकारं, २,७३७ कसबे आणि जमा, म्हणजे ठरवलेला वसूल, ३ अब्ज ६२ कोटी ९७ लाख ५५ हजार २४६ दाम. रुपयाला ४० दाम धरले तर ही रक्कम साधारण ९ कोटी ७ लाख रुपये होते. एवढ्या मोठ्या आकड्याच्या शेपटीला 'आणि १२ लाख विड्याची पानं' असंही नोंदवलेलं आहे! ४६ दामांपर्यंत हिशेब लावणाऱ्या कारकुनाला पानं सोडवली नसावीत.

सुभ्याच्या खाली काय काय असायचं?

सुभ्याखाली सरकार, सरकाराखाली परगणा (महसुलाच्या कागदात त्यालाच महाल म्हणत) आणि परगण्याखाली मौजा, म्हणजे गाव.

सरकारात फौजदार बंदोबस्त पाहायचा आणि अमलगुजार वसुली. परगण्यात शिकदार, आमील आणि खजिन्याला फोतेदार. हे झाले बादशाही नोकर, आज इथे तर उद्या तिथे. त्यांच्या बरोबरीने पिढीजात माणसं असत: उत्तरेत परगण्याला चौधरी आणि कानुंगो, गावाला मुकद्दम आणि पटवारी. आपल्याकडे हीच कामं देशमुख-देशपांडे आणि पाटील-कुलकर्णी करत. मोगल दक्षिणेत आले तेव्हा त्यांनी या वतनदारांना हात लावला नाही. लावून चाललंही नसतं, कारण कुठल्या शेताला किती धारा आणि कुठल्या ओढ्यापलीकडे कुणाची शीव, हे कुलकर्ण्याच्या दफ्तराखेरीज कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या कागदावर 'मौजे अमुक, तर्फ अमुक, सरकार जुन्नर, सुभे खुजिस्ते बुनियाद' असं आहे. हे कसं वाचायचं?

आपण पत्ता लिहितो तसंच, धाकट्यापासून थोरल्याकडे. आधी गाव, मग तर्फ, मग सरकार, शेवटी सुभा. मधला परगणा कधी लिहितात, कधी गाळतात. 'तर्फ' हा आपल्याकडचा मधला टप्पा, आईनच्या चौकटीत तो सापडणार नाही. 'खुजिस्ते बुनियाद' हे दुसरंतिसरं काही नसून औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगल मोठ्या शहरांना अशा पदव्या देत. बुऱ्हाणपूर 'दारुस्सुरूर', विजापूर 'दारुज्जफर', हैदराबाद 'फर्खुंदा बुनियाद'. कागदात नुसती पदवी येते आणि शहराचं नाव येतच नाही, तिथे नवखा वाचक अडतो.

सालही तपासा. 'सन फसली' असेल तर दक्षिणेच्या हिशेबाने त्यात ५९० मिळवा. फसली ११२८ म्हणजे इसवी सन १७१८-१९. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून एकाच फसली वर्षात आपली दोन सालं येतात.

एक खबरदारी. इथे 'सरकार' म्हणजे गव्हर्नमेंट नव्हे. एक गृहस्थ 'सरकार पाथरी, सुभे वऱ्हाड' असा कागद घेऊन आले होते. सुभे वऱ्हाड वाचून त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की आपण मूळचे अमरावतीकडचे, तिथल्या कुणा सरकारी माणसाने हे लिहून दिलं. पाथरी परभणी जिल्ह्यात आहे. त्यांचं गाव तिथून फार लांब नव्हतं आणि त्यांचे पूर्वज कुठून कुठे गेलेही नव्हते. त्या काळी पाथरी वऱ्हाड सुभ्यात मोडायची, एवढंच.

सुभेदार म्हणजे त्या प्रांताचा राजाच की!

इथेच सगळे फसतात. सिनेमातला सुभेदार हुकूम सोडतो, खजिना उधळतो, जमीन बक्षीस देतो. खऱ्या सुभेदाराला यातलं पहिलंच फारसं न अडखळता करता यायचं.

अकबराच्या काळात त्याला सिपहसालार म्हणत, पुढे नाजिम किंवा सुभेदार. फौज, बंदोबस्त, बंडखोरांचा समाचार, फौजदारी न्याय हे त्याचं खातं. पैशाचं खातं दिवाणाचं. दिवाण सुभेदाराचा ताबेदार नसे. त्याची नेमणूक दरबारातून होई आणि १५९५ च्या सुमारास अकबराने नियमच केला, की सुभ्यांच्या दिवाणांनी आपला हिशेब थेट बादशाही दिवाणाकडे पाठवावा, सुभेदाराच्या हातून नव्हे. फौज एकाची आणि थैली दुसऱ्याची. सैनिकांचा पगार थकला की सुभेदार दिवाणाच्या नावाने बोटं मोडणार. खर्च फुगला की दिवाण सुभेदाराची चहाडी वर लिहिणार. दरबाराला हेच हवं होतं.

बाकीच्यांचंही तसंच. बक्षी मनसबदारांची (दर्जाप्रमाणे घोडदळ बाळगणाऱ्या सरदारांची) हजेरी घेई, घोड्यांवरचे डाग तपासून किती घोडी खरी आणि किती कागदावरची ते पाही. सद्राकडे धर्मादाय जमिनी, काझीकडे न्याय, शहरात कोतवाल. प्रत्येकाची वर स्वतंत्र वाट होती.

या रचनेतलं एक भांडण फार बोलकं आहे. १७०० मध्ये औरंगजेबाने करतलबखान नावाच्या दिवाणाला बंगालमध्ये पाठवलं. तिथला सुभेदार होता खुद्द औरंगजेबाचा नातू, शहजादा अजीम-उश-शान, मुक्काम ढाका. नातवाचा खर्च आणि दिवाणाची थैली यांचा मेळ बसेना. प्रकरण इतकं चिघळलं, की दिवाणाने आपलं दफ्तर ढाक्याहून उचलून मखसूसाबादला नेलं. बादशहाने पक्ष घेतला तो दिवाणाचा, नातवाला खरमरीत पत्र लिहिलं. दिवाणाला 'मुर्शिदकुलीखान' हा किताब मिळाला आणि मखसूसाबादचं मुर्शिदाबाद झालं. सुभा म्हणजे काय ते एका गोष्टीत सांगा म्हटलं, तर मी हीच सांगतो.

हा मुर्शिदकुलीखान म्हणजे दक्षिणेत धारा बसवणाराच ना?

नाही, ते दोघे वेगळे. दक्षिणेतला मुर्शिदकुलीखान औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५० च्या दशकात दिवाण होता. दुष्काळ आणि लढायांनी ओस पडलेल्या मुलखात त्याने तोडरमली पद्धत आणली. पण जिथे मोजणी परवडणार नाही तिथे नांगरामागे ठोक धारा किंवा पिकाची वाटणी अशी मोकळीकही ठेवली. बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिलं. त्याच्याआधी निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने इथे घालून दिलेली घडी होतीच. १६५८ मध्ये धर्मातच्या लढाईत तो मारला गेला.

बंगालचा मुर्शिदकुलीखान त्यानंतरच्या पिढीतला. तो जन्माने दक्षिणेतला ब्राह्मण, लहानपणी विकला गेला आणि एका इराणी सरदाराच्या घरी वाढला असं सांगतात. वऱ्हाडात त्याने दिवाणाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. म्हणजे नावामुळे गल्लत होते ती होतेच, वर दोघांचा दक्षिणेशी संबंधही आहे. गोंधळ व्हायला आणखी काय हवं?

दूरच्या सुभ्यात काय चाललंय ते बादशहाला कसं कळायचं?

प्रत्येक सुभ्यात वाकियानवीस असे. घडेल ते लिहून वर पाठवायचं, हे त्याचं काम. आपला 'वाकनीस' शब्द तिथूनच आला. त्याच्यावर नजर ठेवायला सवानिहनिगार, आणि दोघांवर नजर ठेवायला खुफियानवीस, ज्याचं नाव सुभेदारालाही कळू नये अशी अपेक्षा. शिवाय हरकारे. टपाल डाकचौक्यांवरून पळत जाई. दरबारातही रोजच्या घडामोडींचे 'अखबारात' लिहिले जात. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्यांचा फार उपयोग झाला, कारण आपल्या माणसांची हालचाल शत्रूच्या कारकुनाने तारीखवार टिपलेली मिळते.

शाहिस्तेखानाला बंगालला पाठवलं ती शिक्षा होती की बदली?

दोन्ही. सुभेदाराला एका जागी फार वर्षं ठेवायचं नाही हा रिवाज होता, मुळं धरू नयेत म्हणून. शाहिस्तेखान १६६० पासून दक्षिणेचा सुभेदार. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यानंतर औरंगजेबाने त्याला बंगाल दिला. कागदोपत्री सुभा सुपीक, श्रीमंत. पण तिथली दमट हवा, ताप आणि नद्यांचं जंजाळ यांमुळे मोगल सरदार बंगालला 'भाकरीने भरलेला नरक' म्हणत. कुणी हौसेने जात नसे.

गंमत अशी, की या माणसाने तिथे दोन दशकांहून जास्त काळ कारभार केला, चितगाव जिंकलं, ढाक्यात इमारती बांधल्या. बंगालमध्ये त्याचं नाव स्वस्ताईचा काळ म्हणून घेतात. आपल्याकडे बोटं गेली म्हणून.

सुरतेच्या सुभेदाराचं नाव काय होतं?

सुरतेला सुभेदार नव्हताच. सुरत हे गुजरात सुभ्यातलं एक सरकार, आणि बंदर मोठं असल्याने तिथे मुत्सद्दी नावाचा वेगळा अधिकारी. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा तिथे इनायतखान होता, जो किल्ल्यात दडून बसला. गुजरातचा सुभेदार बसायचा अहमदाबादेत.

आजचा महाराष्ट्र कुठल्या सुभ्यात होता?

एका सुभ्यात कधीच नव्हता, आणि साल सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

अकबराच्या काळापासून धरू. चांदबिबीने १५९६ मध्ये वऱ्हाड सोडून दिला. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला आणि जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड. वऱ्हाडचं ठाणं एलिचपूर, म्हणजे अचलपूर. त्याच्या सोळा सरकारांत गाविलगड, नरनाळा, पवनार, कळंब, वाशीम, मेहकर, माहूर, पाथरी ही नावं आहेत. म्हणजे आजच्या नांदेड-परभणीचा तुकडाही वऱ्हाडातच. आणि नंदुरबार? आईनमध्ये नंदुरबार सरकार माळव्याच्या यादीत आहे! पुढे ते खानदेशात आलं. अहमदनगर सुभा मात्र बराच काळ नावापुरता होता. किल्ला मोगलांचा, मुलूख मलिक अंबरचा.

१६३६ मध्ये निजामशाही संपली आणि शाहजहानने दक्षिणेचे चार सुभे केले: दौलताबाद (अहमदनगरसह), खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. चारही मिळून ६४ किल्ले आणि ५ कोटी रुपये जमा असा दरबारी इतिहासकाराचा हिशेब आहे. या सगळ्यावर नेमला औरंगजेब, वय अठराच्या आत. यातला 'तेलंगण' वाचून हैदराबादकडे बघू नका. ते कुतुबशाहीत होतं. मोगलांच्या तेलंगण सुभ्यात नांदेड-कंधारकडचा मुलूख येई. त्याच वेळी कोकण विजापूरकरांच्या वाट्याला गेलं. बागलाण १६३८ मध्ये घेतलं.

तिसरा टप्पा औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरल्यानंतरचा. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर आणि बरोबर वर्षभराने गोवळकोंडा. आता दक्षिणेचे सहा सुभे झाले: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर, हैदराबाद. जुन्नर, संगमनेर, पैठण, बीड ही सरकारं औरंगाबाद सुभ्यात. सातारा-कोल्हापूरकडचा मुलूख कागदावर विजापूर सुभ्यात. कागदावर म्हणतोय, कारण यादीत गाव असणं आणि गावाने वसूल देणं यात त्या पंचवीस वर्षांत केवढं अंतर होतं ते सांगायला नको. पूर्वेला देवगड आणि चांद्याची गोंड राज्यं खंडणी देऊन आपापला कारभार चालवत. मुंबई इंग्रजांकडे, वसई आणि गोवा पोर्तुगीजांकडे. ही ठाणी सुभ्यांच्या बाहेर.

खानदेशाचं नाव खरंच बदललं होतं?

हो, 'दानदेश'. अशीरगड घेतल्यावर अकबराने हा सुभा शहजादा दानियालला दिला आणि त्याच्या नावावरून नाव पाडलं. आईनमध्येही दानदेशच आहे. दानियाल दारूपायी बुऱ्हाणपुरात तरुणपणीच गेला आणि त्याच्यामागे नावही गेलं. लोकांच्या तोंडात ते बसलंच नव्हतं. खानदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण जळगाव-रावेरकडून जाणाऱ्याला हद्द कधी ओलांडली ते बोलीवरून तरी कळत नाही.

शिवाजी महाराजांचा सुभा आणि मोगलांचा सुभा एकच का?

शब्द एक, माप वेगळं. स्वराज्यातला सुभा म्हणजे काही तर्फा किंवा महाल मिळून झालेला विभाग, मोगली सुभ्याच्या मानाने फारच लहान. कल्याण, प्रभावळी असे हे सुभे. मोगल सुभेदार हजारोंची मनसब असलेला सरदार आणि पगारापोटी त्याला जहागीर. महाराजांचा सुभेदार रोख पगारावरचा मुलकी अधिकारी. १६७६ मध्ये मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरा, ज्याला बैल नाहीत त्याला बैलाला पैसे द्या, दाणे द्या, वसूल त्याला झेपेल तसा घ्या, असं बारीकसारीक त्यात सांगितलं आहे. मोगल दिवाणही तगाई द्यायचा, पण रयतेच्या गोठ्यापर्यंत जाणारा असा हुकूम सुभेदाराला उद्देशून लिहिलेला माझ्या वाचनात तरी नाही.

'दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई' म्हणजे काय मिळालं?

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून तीन सनदा घेऊन आले: स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा २५ टक्के आणि सरदेशमुखी १० टक्के, तीही दक्षिणेच्या सहाही सुभ्यांवर. त्या सुभ्यांची कागदोपत्री जमा सुमारे १८ कोटी रुपये धरली होती. बदल्यात शाहू महाराजांनी १५,००० घोडदळ सुभेदाराच्या मदतीला ठेवायचं आणि बंदोबस्त राखायचा.

आकडा बघून हरखून जाऊ नका. १८ कोटी कधीच वसूल होत नव्हते. सनदेची खरी किंमत वेगळीच होती. आता मराठ्यांचा कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, परगण्याच्या कचेरीत बादशाही आमिलाच्या शेजारी हक्काने बसू लागला आणि गावाला दोन वह्या आल्या. चौथाईतही पुन्हा राजबाबती, साहोत्रा, नाडगौडा, मोकासा असे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचा धनी निराळा. पेशवे दफ्तरात एका गावच्या वसुलाचे पाच-सहा वाटेकरी दिसतात ते यामुळे.

मग सुभे मोडले कधी?

मोडल्याची तारीख नाही. ते मोडले असं म्हणायलाही मी तयार नाही, मालक बदलले. बंगालमध्ये तो दिवाण, मुर्शिदकुलीखान, १७१७ मध्ये सुभेदारही झाला. थैली आणि फौज एका हातात आली आणि वर चहाडी लिहिणारं कुणी उरलं नाही. १७२२ मध्ये त्याने बंगालची जुनी सरकारं बाजूला सारून १३ चकले, म्हणजे मोठे महसुली विभाग, पाडले. त्याच वर्षी अवधमध्ये सादतखान बसला. १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने साखरखेर्ड्याच्या लढाईत बादशहाने दक्षिणेवर नेमलेल्या मुबारिझखानाला मारलं. ते साखरखेर्डा म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. तिथून सहा सुभ्यांचे दिवाण निजामच नेमू लागला.

यांपैकी एकानेही 'मी स्वतंत्र' अशी दवंडी पिटली नाही. नाणी बादशहाच्या नावाची, खुतबा (शुक्रवारच्या नमाजात राज्यकर्त्याचं नाव घेणं) बादशहाचा, पदवी सुभेदाराची. फक्त हिशेबाचा कागद दिल्लीला जायचा थांबला.

शेवटचा अंक इंग्रजांचा. १२ ऑगस्ट १७६५ रोजी शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीला दिली, वर्षाला २६ लाखांच्या बोलीवर. कंपनीने सुभेदारी मागितली नाही. तिने दिवाणी मागितली. अकबराने केलेली फौज आणि थैलीची ती जुनी फाळणी कंपनीच्या क्लाइव्हला चांगली समजली होती.

बडोद्यात आजोबा 'सुभा' होते असं सांगतात. ते सुभेदार होते का?

बडोदे संस्थानात चार प्रांत होते: बडोदे, कडी, नवसारी, अमरेली. प्रत्येकाच्या मुख्य अधिकाऱ्याला 'सुभा' म्हणत, म्हणजे इंग्रजी मुलखातला कलेक्टर. ग्वाल्हेरीतही जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला सुभाच म्हणत. मराठीत हा शब्द मुलखाला आणि माणसाला दोन्हींना चालतो. निजामाच्या हैदराबादेत मात्र सुभा म्हणजे अनेक जिल्ह्यांचा विभाग, त्यावर सुभेदार आणि जिल्ह्यावर अव्वल तालुकदार. औरंगाबादचा सुभा असा १९४८ पर्यंत होता.

लष्करात तोच शब्द आणखी खाली आला. मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार होते आणि बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ इंग्रजी पलटणीतले सुभेदार. एक साम्राज्याच्या प्रांताचा धनी आणि दुसरा पलटणीतल्या एका तुकडीतला हिंदी हुद्देदार.

आडनावावरून घराण्याचा हुद्दा कळतो का?

अंदाज बांधता येतो, खात्री नाही. फौजदार, काझी, अमीन, कानुंगो, मुजुमदार, वाकनीस ही नावं हुद्द्यांवरूनच आली. पण तो हुद्दा मोगलांचा, आदिलशाहीतला की पेशव्यांचा, हे आडनाव सांगत नाही. कागद लागतो.

आजचे जिल्हे सुभ्यांवरून पडले का?

नाही. आजचे जिल्हे इंग्रजांनी आपल्या सोयीने आखले, पुढे आपणही आखले. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, ते आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार. जुन्या मोगली पायऱ्यांतली परगण्याची पायरी मात्र चिवट निघाली. बंगालमध्ये चोवीस परगणे आणि झारखंडात संथाळ परगणा अजून नावाने आहेत, गुजरातेत पंचमहाल. आणि तुमच्या खरेदीखतात गावाच्या नावाआधी 'मौजे' आहे की नाही, बघा.

सुभ्यांच्या हद्दी दाखवणारा त्या काळचा नकाशा मिळेल का?

मिळणार नाही. मोगल दफ्तर नकाशांवर चालत नसे, याद्यांवर चालायचं. आईनमध्ये प्रत्येक सुभ्याखाली सरकारं, सरकाराखाली महाल आणि पुढे रकाने: जमीन किती बिघे, जमा किती दाम, धर्मादाय किती, जमीनदार कुठल्या जातीचे, स्वार किती, पायदळ किती. बंगालच्या पानांवर जमिनीचा रकाना रिकामाच आहे, कारण तिथे मोजणी झालीच नव्हती. आज पुस्तकांत दिसणारे रंगीत नकाशे अलीकडच्या अभ्यासकांनी या याद्यांतलं एकेक गाव शोधून, ते जोडून काढले आहेत. तुमच्या गावचा सुभा हवा असेल तर नकाशा धुंडाळू नका. गावचा परगणा कोणता ते जुन्या कागदात बघा आणि मग त्या सालच्या यादीत तो परगणा शोधा. आणि येताना कागदाची झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. झेरॉक्समध्ये शिक्का नेमका काळा येतो.